बॅग रिकामी कर आधी

पत्र :

मावशी, मी सोलापूरची, घर सात रस्त्याजवळ. पुण्याच्या कंपनीनं आठ महिन्यांसाठी जर्मनीत स्टुटगार्टला पाठवलंय, नोव्हेंबरच्या मधे आले. खरं सांगू का, मला हे गाव अजिबात आवडलेलं नाही. स्टेशनवर उतरले तर सगळीकडं खोदून ठेवलेलं. शनिवारी रात्री पोचले, दुसऱ्या दिवशी बघते तर सगळी दुकानं बंद, आईनं दिलेली शेंगाचटणी आणि विमानातला उरलेला ब्रेड यावर रविवार काढला. साडेचारला अंधार पडतो. ऑफिसात लोक कामापुरतं बोलतात आणि गप्प होतात, साहेब चांगलं म्हणत नाही की वाईट म्हणत नाही. परवा माझ्या दाराच्या मुठीला कुणीतरी एक पाटी अडकवून गेलं, मला वाटलं तक्रार केलीय, घाबरून ती आत आणून ठेवली, तेव्हापासून समोरच्या आजी जिन्यात माझ्याकडं बघत पण नाहीत. आठ महिन्यांसाठी सामान कशाला घ्यायचं म्हणून बॅग अजून जमिनीवर तशीच उघडी आहे, एका पातेल्यात सगळं शिजवते. आई तुमचं हे सदर वाचते, ती रोज रात्री फोनवर म्हणते नाही जमत तर ये निघून. जानेवारीत गड्ड्याला, आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, परत येऊ का? साहेबाला आत्ताच सांगून टाकू का?

उत्तर :

अगं पोरी, पहिल्यांदा ती पाटी बाहेर काढ. बाकीचं सगळं नंतर बोलू, ती पाटी तू घरात ठेवून बसलीयस म्हणजे अख्ख्या जिन्याचा कारभार तुझ्याकडं अडकलाय!

तुझं नाव इथं देत नाही, घाबरू नको. पण तुझं पत्र वाचून मला हसू पण आलं आणि जीव पण थोडा तुटला, कारण ही पाटी मी स्वतः बघितलेली आहे. माझी लेक त्याच गावात नोकरीला होती, तिच्या बाळंतपणाला मी जाऊन राहिले होते, आपल्यासारख्यांना टूरिस्ट व्हिसावर ९० दिवसच राहता येतं, ते पुरेपूर राहिले, थंडीतच. तेव्हा तू लिहिलंयस त्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यासमोर आहे.

तर ती पाटी म्हणजे तक्रार नाही, पाळी आहे. त्या बाजूला, म्हणजे स्टुटगार्ट आणि आसपासच्या श्वाबेन मुलखात, केरवोखे नावाचा प्रकार असतो. बिल्डिंगमधल्या प्रत्येक बिऱ्हाडानं आळीपाळीनं आठवडाभर सामाईक जागा साफ ठेवायची. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी. पाळी संपली की तू झाडून पुसून ती पाटी पुढच्याच्या दाराला अडकवायची, बोलणं नाही चालणं नाही, पाटी आली म्हणजे समजून घ्यायचं. आपल्याकडं मिलच्या चाळीत नळावर घागरींची रांग असायची, घागर ठेवली म्हणजे नंबर लागला, माणूस हजर असो नसो, तसंच समज. आता तूच बघ, त्या रांगेतली घागर एखादीनं उचलून घरात नेऊन ठेवली असती तर बायकांनी तिला काय केलं असतं? आजी नुसत्या बघत नाहीत एवढ्यावरच सुटलीस.

आणि हे काल परवाचं नाही बरं का. गाव स्वच्छ ठेवायचं, दर आठवड्याला आपापली घाण बाहेर नेऊन टाकायची असा नियम तिथं पंधराव्या शतकाच्या शेवटी झालेला आहे. झाडण्याची सक्ती महापालिकेच्या नियमात होती ती १९८८ मधे काढून टाकली, पण म्हणून लोकांनी सोडलंय का, छे. आता ते भाडेकरारात असतं. तुझ्या कराराला हाउसओर्डनुंग म्हणून एक कागद जोडलेला असेल, घराचे नियम, तो मोबाईलवर भाषांतर करून एकदा नीट वाच, त्यातच बघायला मिळेल की तुमच्याकडं लहान पाळी आहे की मोठी पण आहे. लहान म्हणजे आपल्या मजल्याचा जिना आणि पॅसेज. मोठी म्हणजे खालचं दार, तळघराचा जिना, समोरचा फूटपाथ, आणि बर्फ पडला तर तो सुद्धा, आणि बर्फ सकाळी लोक कामाला निघायच्या आत काढायचा असतो, नऊ वाजता उठून चालत नाही. काही बिल्डिंगांनी आता पैसे देऊन माणूस लावलाय, पण तुमच्याकडं पाटी फिरतेय म्हणजे नाही लावलेला.

आता करायचं काय ते सांगते. शनिवारी दिवसाउजेडी, रविवारी नाही. तुझ्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या वरून खाली झाडायच्या, मग ओल्या फडक्यानं पुसायच्या, कोपरे सोडायचे नाहीत, हात धरायचा कठडा पण पुसायचा, खिडकीची कड राहिली तर ती पण. पायपुसणं उचलून त्याच्या खालचं काढायचं, हे खास सांगते कारण माझ्या लेकीच्या शेजारणीनं बरोब्बर तेच उचलून बघितलं होतं. मग पाटी घेऊन पुढच्या दाराला अडकवायची. आणि पुढचं दार आजींचं असेल तर नुसती अडकवून पळून येऊ नको, बेल वाजव आणि म्हण, एंटशुल्डिगुंग, इश बिन नॉय हिअर. माफ करा, मी इथं नवीन आहे. उच्चार चुकला तरी चालेल. पुढचं त्या बोलतील, आणि भरपूर बोलतील, तुला त्यातलं निम्मं कळणार नाही कारण त्यांची बोली क्लासातल्या जर्मनपेक्षा वेगळीच असते, तरी मान हलवत ऐकून घे.

हे मी एवढं ताणून का सांगतेय, तर तुझ्या पत्रातली सगळी गाऱ्हाणी मला या पाटीसारखीच दिसायला लागलीत. तू तिथं पाहुणी म्हणून राहायलीस. पाहुणीला कुणी झाडायला सांगत नाही, पाहुणी बॅग लावत नाही, पाहुणी कढई विकत घेत नाही, पाहुणीला लोकांनी येऊन विचारावं लागतं बाई चहा घेणार का. आणि त्या गावानं तर तुला पहिल्या दिवसापासून भाडेकरू धरलंय, म्हणूनच पाटी तुझ्या दाराला आली की! आठ महिने हा काय पाहुणचाराचा काळ नाही गं. आपल्याकडं आठ महिन्यांत ज्वारी पेरून, कापून, मळून, तिची भाकरी खाऊन होते.

म्हणून बॅग रिकामी कर आधी. आज संध्याकाळी. सगळे कपडे कपाटात, आणि रिकामी बॅग तळघरात, तिकडं प्रत्येक घराला खाली एक जाळीची खोली असते केलर म्हणतात, घरमालकाला विचार तुझी कुठली. बॅग डोळ्यासमोर राहिली की माणूस रोज सकाळी मनातल्या मनात परतीचं तिकीट काढतो. मग एक तवा, एक कढई, एक बरी सुरी आणि एक टेबलावरचा पिवळ्या उजेडाचा दिवा. दिवा विसरू नको, वरच्या पांढऱ्या ट्यूबखाली बसून चार वाजल्यापासून अंधार बघत राहिलं की कुणालाही रडू येईल. नवीन घ्यायची गरज पण नाही, क्लाइनआन्त्साइगन म्हणून जुन्या सामानाची वेबसाइट आहे त्याच्यावर पाच दहा युरोत मिळतं, आणि बरेच लोक नको असलेलं सामान खोक्यात भरून फूटपाथवर ठेवतात, वर चिठ्ठी असते त्सु फेरशेंकन, म्हणजे फुकट घेऊन जा. माझ्या लेकीचा निम्मा संसार असा आलेला, जाताना तिनं तसाच खोक्यात भरून ठेवला, संध्याकाळपर्यंत गायब. आणि सोलापुरी चादर नेली असशीलच, कुठली सोलापुरी पोरगी नेत नाही, ती काढून अंथर पलंगावर, बॅगेत तळाशी ठेवायला नेलीस का?

अजून एक, दाराच्या बेलवर आणि खाली पत्राच्या पेटीवर तुझं आडनाव आहे का बघ. तिकडं फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन नाव बघून टाकतो, नाव नसलं की पत्र परत. आणि तिथलं सगळं सरकारी काम अजून कागदी पत्रावर चालतं, तेव्हा नाव नाही म्हणजे तू त्या देशात नाहीसच. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यात पत्ता नोंदवायचा असतो, आनमेल्डुंग म्हणतात, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तीन आठवडे झालेत असं तुझ्या पत्रावरून वाटतंय, कंपनीच्या माणसानं करून दिलं असेल तर ठीक, नसेल तर आधी अपॉइंटमेंट घे, तारीख पुढची मिळाली तरी मागितल्याचा ईमेल जपून ठेव. नोंदणी झाल्यावर टॅक्सचा नंबर पोस्टानं येतो, पगार तिथूनच होणार असेल तर तो ऑफिसात द्यायचा, नाहीतर जास्तीचा टॅक्स कापून घेतात. आणि काही दिवसांनी रेडिओ टीव्हीच्या फीचं पत्र येईल, महिन्याला १८.३६ युरो, घरटी एक. तुझ्याकडं टीव्ही नसला तरी भरायचं असतं. बरेच जण फसवणूक समजून फेकून देतात आणि मग दंडासकट येतं. परत येताना नाव काढायचं, आबमेल्डुंग, ते विसरलीस तर तू इथं सोलापुरात बसलीयस आणि तिथं फी चालूच.

रविवारचं आता. रविवारी दुकानं बंद हा जर्मनीत कायदा आहे, रविवार म्हणजे विश्रांतीचा दिवस असं त्यांच्या राज्यघटनेतच लिहिलेलं आहे, तेव्हा त्यावर चिडून उपयोग नाही. आपली बाजारहाट शनिवारी दुपारी. त्यातूनही अडलंच तर मोठ्या स्टेशनातली दुकानं, पेट्रोल पंप आणि सकाळी काही तास बेकऱ्या उघड्या असतात. पण नुसती दुकानंच बंद नसतात, आवाज पण बंद. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, काचेच्या बाटल्या त्या मोठ्या डब्यात टाकायच्या नाहीत, आणि तू मिक्सर नेला असशील तर रविवारी सकाळी सातला शेंगाचटणी वाटायला बसू नको, खलबत्ता तर नकोच नको, खालच्या मजल्यावर छत कोसळल्यासारखं वाटतं. रात्री दहानंतर पण तेच. मला हे सुरुवातीला फार जाचाचं वाटायचं, आपल्याकडं नवी पेठेत रविवारी पाय ठेवायला जागा नसते, पण दोन तीन रविवारांनंतर कळलं की लोक घरात बसत नाहीत, झाडून सगळे चालायला निघतात, म्हातारे कोतारे पण, बाबागाडी घेऊन पण, थंडी असो धुकं असो.

आणि चालायला ते गाव फार भारी आहे, तू अजून बघितलेलंच नाहीस. गाव बशीच्या तळाला आणि चारी बाजूला टेकड्या, म्हणून तर धुकं साठून राहतं आणि तुला सगळं करडं दिसायलंय. पण टेकडीवर चढायला जुन्या दगडी पायऱ्या आहेत, चारशेच्या वर जिने आहेत गावात, श्टेफेले म्हणतात, पूर्वी तिथं द्राक्षाचे मळे होते त्यातल्या वाटा होत्या त्या. मळे अजून पण आहेत, गावाच्या मधोमध, आपल्याकडं द्राक्ष बघायला पंढरपूरकडं जावं लागतं, तिथं ट्राममधून दिसतात. चढवत नसेल तर मारीएनप्लाट्स वरून डेगरलोखला जाणारी दात्यांच्या रुळाची गाडी आहे, त्साके, १८८४ पासून चालू आहे, साधं सिटीचं तिकीट चालतं. पुढं सायकली ठेवायला एक उघडा डबा जोडलेला असतो. ती वर चढताना एका वळणावर अख्खं गाव खाली दिसतं, आणि कधी कधी तर असं होतं की खाली धुकं आणि वर लख्ख ऊन. वर गेलीस की जवळच टीव्ही टॉवर आहे १९५६ चा, काँक्रीटचा असा टॉवर जगात पहिल्यांदा तिथंच बांधला. लेकीचं बाळ झोपलं की जावई मला वर सोडून यायचा, मी एका बाकावर उन्हाकडं तोंड करून बसायची. सोलापूरची बाई ऊन खायला तिकीट काढून जाते हे इथं सांगितलं तर कुणाला खरं वाटलं नाही, बेचाळीस डिग्रीत पदर डोक्यावर घेऊन फिरणारी मी!

अंधाराचं दुखणं खरं आहे, त्याला मनाचा कमकुवतपणा समजू नको. डिसेंबरात तिथं दिवस जेमतेम सव्वाआठ तासांचा, आपल्याकडं सगळ्यात लहान दिवस पण अकरा तासांचा असतो, शरीराला फरक पडणारच. २१, २२ डिसेंबरनंतर दिवस वाढायला लागतो आणि जूनमधे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, हे सांगून आत्ता तुझं काही भागणार नाही ते कळतं मला. आत्ता एवढंच कर, दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर पड, ढग असले तरी पड, अर्धा तास. तिकडचे डॉक्टर लोकांना थंडीत डी व्हिटॅमिनचं बघायला सांगतात, तू पण विचार. आणि नोव्हेंबरच्या शेवटापासून २३ डिसेंबरपर्यंत जुन्या राजवाड्यापासून बाजार चौकापर्यंत ख्रिसमसचा बाजार भरतो, दुकानांची छपरं सजवलेली असतात, ती बघायला एकटी जायला लाजू नको. गड्ड्याला आपण काय खरेदीला जातो का, गर्दीत फिरायलाच जातो की.

ऑफिसबद्दल. साहेब काही बोलत नाही म्हणजे काम बरं चाललंय. थट्टा नाही करत, श्वाबी लोकांची म्हणच आहे की रागावलो नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं. तुला पुण्यातल्या मॅनेजरच्या 'ग्रेट जॉब टीम' ची सवय, त्याचा तिथं दुष्काळ. पण त्याला सरळ विचारलंस की माझ्या कामात काय सुधारू, तर तो तितकंच सरळ सांगेल, जरा टोचेल असं सांगेल, आणि सांगून झालं की त्याच्या दृष्टीनं विषय संपला, मनात ठेवत नाहीत. सहकारी आपणहून घरी बोलावतील याची वाट बघू नको. तिथं ओळखी ऑफिसात होत नाहीत, कुठल्यातरी मंडळात, क्लासात होतात, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. गाणं, गिर्यारोहण, बॅडमिंटन, काही पण. रोटेब्यूलप्लाट्सला फोल्क्सहोखशूले आहे, सरकारी मदतीवर चालणारी प्रौढांची शाळा, स्वस्तात जर्मनचे संध्याकाळचे वर्ग असतात, त्यात नाव घाल. आठ महिन्यांत काय येणार भाषा असं म्हणशील, तर बेकरीत पाव मागता येईल एवढी येते आणि तेवढी पुष्कळ झाली. मराठी मंडळी पण भेटतील, मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून जोडशहरं आहेत आणि आता तर आपल्या सरकारनं त्यांच्या बाडेन व्युर्टेम्बेर्ग राज्याबरोबर मनुष्यबळ पाठवायचा करार २०२४ मधे केलाय. भेट सगळ्यांना, पण शनिवार रविवार फक्त त्यांच्यातच घालवू नको, तिथं बसून दर वेळी इथं काय चुकीचं आहे एवढंच बोलणं निघतं आणि तू अजून खट्टू होऊन घरी जाशील, बघितलंय मी.

आपल्या भैय्या चौकातलं कोटणीसांचं स्मारक बघितलंयस ना, शाळेच्या सहलीत तरी नेलं असेल. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांतले एक, गेले ते पण काही कायमचे राहायला नव्हे. पण राहिले तोपर्यंत चिनी भाषा शिकले, रोग्यांशी त्यांच्या भाषेत बोलायचे, लग्न पण तिथंच केलं, १९४२ मधे तिथंच गेले बिचारे, बत्तीस वर्षांचे होते. आता मी तुला युद्धात जायला सांगत नाही आणि लग्नाचं तर तुझी आई माझ्या घरावर मोर्चा आणेल. पण सोलापूरच्या माणसाला परमुलखात राहणं जमत नाही असं मनात आलं ना तर आठव. एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू ऐकत वाढलेली पोरगी तू, भाजीवाल्याशी एका भाषेत आणि शेजारणीशी दुसऱ्या भाषेत बोलणारी, पाचवीला कशाला घाबरायलीस?

खाण्याचं थोडक्यात. नळाचं पाणी पी, बिनधास्त. तुला पाणी तापवायची किंवा बाटल्या आणायची सवय असेल, आणि तिकडं बाटली आणली की निम्म्या वेळा सोड्यासारखं बुडबुड्यांचं निघतं. आपल्याला कसं लांब उजनीवरून पाइपानं येतं तसं त्यांना पण लांबच्या बोडेनझे तलावातून येतं, फरक एवढाच की तिथं रोज येतं आणि चोवीस तास येतं, भरून ठेवायचं नाही. (पहिले काही दिवस मी बादल्या भरून ठेवायची, लेक ओतून टाकायची.) बाटली घेतलीच तर टाकू नको, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीला, पेयाच्या पत्र्याच्या डब्याला २५ सेंट परत मिळतात सुपरमार्केटातल्या मशीनमधे. तू शाकाहारी असशील तर तिथली मौलटाशेन म्हणजे आपल्या करंजीच्या भावकीतली असते पण आत बहुतेक वेळा मटण मांस असतं, विचारून घे, पालकाची पण मिळते. डाळ आणि श्पेट्सले हा त्यांचा घरगुती पदार्थ, मसुराची डाळ आणि घरी केलेल्या शेवयांसारखं काहीतरी, वर सॉसेज ठेवतात ते नको म्हणून सांगायचं, वरून लाल तिखट टाकलंस तर सोलापुरात खपेल. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, जरा जुनं असतं, गरम पाण्यात उकड काढून थापली तर भाकरी मोडत नाही.

तिकिटाचं एक, स्टेशनवर गेट नाही म्हणून फुकट बसू नको, साध्या कपड्यातले तपासनीस येतात आणि ६० युरो घेतात, माफी नाही, रडलं तरी नाही. डॉइचलांडटिकेट काढ, २०२६ च्या जानेवारीपासून महिन्याला ६३ युरो झालंय, देशभरातल्या सिटी बस, ट्राम आणि साध्या रेल्वेला चालतं. दर महिन्याला आपोआप पुढं चालू राहतं, बंद करायचं तर १० तारखेच्या आत कळवायचं. तब्येतीला रात्री बेरात्री काही झालं तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२.

आणि हो, स्टेशनाचं खोदकाम. ते २०१० पासून चालू आहे, अख्खं स्टेशन जमिनीखाली न्यायलेत, तारीख सारखी पुढं जाते. तिथले लोक त्याच्यावर इतके विनोद करतात की तू फक्त विषय काढ, मुका माणूस पण बोलायला लागेल. ऑफिसात गप्पा सुरू करायला याच्यासारखं दुसरं नाही. वर आपलं स्मार्ट सिटीचं खोदकाम सांग, पहिल्या वीसात होतो आपण २०१६ ला, एकदम बरोबरीचं नातं लागेल.

आता तुझा खरा प्रश्न, साहेबाला सांगू का. आत्ता नको. तू तीन आठवडे राहिलीयस, त्यातला एक प्रवासाच्या थकव्यात गेला, एक कागदपत्रात आणि एक त्या पाटीच्या भीतीत. यावर गावाचा निकाल लावतेस? फेब्रुवारी संपेपर्यंत थांब, तेव्हा दिवस मोठा झालेला असेल, क्लास सुरू झालेला असेल, जिना दोन चार वेळा तुझ्या हातानं झाडून झालेला असेल, मग तेव्हाही हेच वाटत असलं तर मला परत लिही आणि मी तुला साहेबाला काय ईमेल लिहायचा ते पण सांगेन. दरम्यान गुपचूप एवढं बघून ठेव की मधेच परत आलं तर कंपनीच्या करारात काय आहे, तिकिटाचे पैसे कोण देणार, घराची नोटीस किती. माहीत असलं की अडकल्यासारखं वाटत नाही. पण झोप लागेनाशी झाली, जेवण जाईना, सकाळी अंथरुणातून उठवेना असं सलग व्हायला लागलं, किंवा ऑफिसात कुणी वाईट वागत असेल, तर फेब्रुवारी बिब्रुवारी विसर, आधी डॉक्टरला गाठ, आणि मग खुशाल ये. त्यात कसली आलीय लाज, गावातले काय म्हणतील तर दोन दिवस म्हणतील.

गड्डा या वर्षी चुकेल, हे मात्र सोपं नाही, मान्य. संक्रांतीला नंदीध्वज निघतात आणि आपण तिथं नाही, डोळ्यात पाणी येणारच. भावाला सांग अक्षता सोहळ्याचा व्हिडिओ कॉल लावायला, आवाजात काही ऐकू येणार नाही, तरी लाव.

शेवटचं तुला नाही, तुझ्या आईला सांगते, त्या हे सदर वाचतात असं लिहिलंयस म्हणून. ताई, पोरगी रात्री आठला फोन करते तेव्हा तुमच्याकडं साडेबारा झालेले असतात, थंडीत साडेचार तासांचा फरक असतो, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून साडेतीनचा होतो. तुम्ही पेंगत असता, ती दमलेली असते, मग दोघी रडून फोन ठेवता. त्यापेक्षा सकाळी तिच्या सातला बोला, तुमचे साडेअकरा, स्वयंपाक झालेला असतो, ती ऑफिसला निघायच्या गडबडीत असते, रडायला वेळ नसतो कुणाला. आणि ये निघून असं रोज म्हणू नका, तुमच्या मायेपोटी म्हणता ते कळतं, पण तिला ते तू हरलीस असं ऐकू येतं. कुणी तिकडं जाणारं असेल तर त्यांच्याबरोबर तूप, पेढे, खवा काही देऊ नका, दुधाचं आणि मांसाचं बाहेरून न्यायला युरोपात बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात आणि नेणाऱ्याची पंचाईत. कडक भाकरी द्या, काळा मसाला द्या. शेंगाचटणी द्याच, पण दोन पिशव्यांत घालून घट्ट बांधा, तेल सुटतं.